खाट पुढे गेली

संपादकांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी भांडून घेतलं. म्हटलं, कामाच्या आठवणी लिहायला माणूस निवृत्त लागतो, निदान दोन केस तरी पांढरे लागतात. माझ्या घरी अजून लग्नाच्या वयावरून रोज वाद होतो. ते म्हणाले, "निवृत्तांचे लेख पुष्कळ आलेत. सगळ्यांचे साहेब चांगले होते आणि सगळ्यांचे दिवस सोन्याचे होते. तू जरा खरखरीत लिही." खरखरीत मला जमतं. मी लिहायला शिकले तीच चळवळीची पत्रकं लिहून. पत्रकात "कदाचित" हा शब्द चालत नाही आणि उद्गारचिन्हाला पर्याय नसतो. इथे संपादकांनी उद्गारचिन्हं कापली असतील तर तो त्यांचा दोष समजावा.

माझं काम सांगते. लोकांच्या जुन्या, भंगारात निघालेल्या संगणकांवर मी लिनक्स टाकते आणि त्यावर मुक्त सॉफ्टवेअर बसवते. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ व्यवस्था, जिचा कोणी एक मालक नाही. आणि मुक्त म्हणजे काय, तर हॉटेलवाला आपल्याला सावजी रस्सा वाढतो पण मसाला सांगत नाही. मुक्तवाला रस्सा वाढतो, मसाल्याचा कागद हातात देतो आणि म्हणतो, तिखट झालं असेल तर घरी कमी करा, शेजारणीलाही सांगा. इतकी साधी गोष्ट आहे. तरी आपली कॉलेजं, कचेऱ्या आणि संस्था बंद डब्यातला मसाला दरवर्षी नव्याने विकत घेतात, डबा उघडला नाही की हात जोडून उभ्या राहतात, आणि वर मलाच विचारतात, "तुझ्या या मुक्तात खोट काय आहे?"

हा प्रश्न मला नागपूरच्या लकडगंजमधल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने सगळ्यात प्रामाणिकपणे विचारला होता. मी त्यांना अर्धा तास मुक्त आणि फुकट यातला फरक समजावला. शेवटी ते म्हणाले, "बेटा, फुकट नाही म्हणते, पैसेही घेत नाही म्हणते. मग मी नाही कशाला म्हणू, तेच समजून नाही राहिलं." त्यांच्याकडे गोदामाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. वेब सॉफ्टवेअर होतं, म्हणजे एका संगणकावर बसतं आणि बाकीचे आपापल्या मोबाइलवरून उघडतात. एक माठ भरून ठेवला की घरातला जो तो आपल्या पेल्याने पाणी घेतो, तसं. पण माठ चोवीस तास भरलेला हवा ना! लकडगंजात आगीचं भय पिढ्यान्‌पिढ्यांचं. दिवाबत्ती झाली, गल्ल्याला हात जोडले की मेन स्विच खाली. सगळ्या दुकानाचा, माझ्या संगणकासकट. बिचारं लिनक्स रोज सकाळी कण्हत कण्हत उठायचं आणि आपलं काय काय मोडलं ते तपासत बसायचं. मी रागावले तर व्यापारी म्हणाले, "रात्री आम्ही झोपतो, तो काहून जागा राहील?"

पण मला सांगायची आहे ती नागपूरच्याच महाल या जुन्या वस्तीतली गोष्ट.

महालात एका बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत रुग्णसाहित्य केंद्र चालतं. चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, पाण्याची गादी, आणि दवाखान्यात असते तशी हॅन्डलची खाट, म्हणजे हॅन्डल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते ती. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की यातलं हवं ते न्यायचं आणि काम झालं की द्यायचं. केंद्र चालवतात मालतीकाकू. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आहेत आणि अजूनही समोरच्याशी ट्रंक कॉलवर बोलावं तितक्या मोठ्याने बोलतात. खाटा वाहून न्यायला दिगांबरभाऊ आणि त्यांचा मालवाहू ऑटो. बस, एवढंच मनुष्यबळ.

कोणीतरी या केंद्राला नोंदी ठेवायचं एक पॅकेज विकलं होतं. मुदत संपली आणि एका सकाळी ते उघडेना. विकणाऱ्याला फोन केला की तो म्हणे, "वर कळवतो." हे वर म्हणजे कुठे, ते काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही. आजारी माणसांच्या खाटांची माहिती कुलपात आणि किल्ली वर! मी ऐकलं आणि त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. काकू म्हणाल्या, "पत्रक मागून काढ वं. आधी हे सुरू करून दे."

एक दान आलेला जुना डेस्कटॉप होता. त्याचं झाकण उघडून आधी धूळ काढली, कारण नागपुरात कूलरसमोर ठेवलेल्या प्रत्येक संगणकाच्या पोटात थोडी बाग तयार झालेली असते. मग लिनक्स चढवलं. त्याच्यावर तीन गोष्टी बसवाव्या लागतात: दारात उभं राहून कोण काय मागतंय ते ऐकणारा, माहिती रचून ठेवणारं कोठार, आणि या दोघांना कामाला लावणारं खरं सॉफ्टवेअर. हे सगळं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाईप करून चालतं. दिगांबरभाऊ मागे उभे राहून पाहत होते.

"पोट्टे, हे तू कोणाचं हॅक करून राहिली का?"

"भाऊ, आपलंच आहे. कोठाराची किल्ली दरवानाला देऊन राहिली."

"मंग तो नाही काहून म्हणते?" त्यांनी पडद्यावरच्या लाल ओळीकडे बोट दाखवलं.

लाल ओळ बरोबर होती. किल्ली दिली होती, पण आत जायची परवानगी द्यायची राहिली होती. ती दिली आणि पान उघडलं. केंद्राचं नाव मराठीत, खाली सगळ्या वस्तू, फोटोंसह. काकूंनी लगेच संगणकाला हळद-कुंकू लावलं. मी म्हटलं, "काकू, हे यंत्र आहे." त्या म्हणाल्या, "तुझं तू टाईप कर. माझं मी करते." आणि पंख्याच्या जाळीवर दोन अक्षता टाकल्या. त्या मी नंतर चिमट्याने काढल्या.

आता मुख्य गोष्ट. मी बसवलेलं सॉफ्टवेअर मुळात कुठल्याशा दूरच्या देशातल्या लोकांनी लिहिलेलं होतं. तिथे म्हणे एका मोहल्ल्यात मिळून शिड्या आणि भोकं पाडायची यंत्रं ठेवतात आणि आळीपाळीने वापरतात. कल्पना छानच. मी "शिडी" काढून "खाट" केलं, सगळं मराठी केलं, आणि न्यायला आलेल्या माणसाला आपल्या मोबाइलवरूनच नोंद करता येईल अशी सोय ठेवली. दोन बटणं: "घेतली" आणि "परत केली". काकूंना म्हटलं, आता दिवसभर फोन घेऊन बसायची गरज नाही.

काही आठवड्यांनी काकूंचाच फोन आला. टेलिफोनशिवायही ऐकू आला असता. "वृषाली, तुझ्या मशीनमध्ये एकही खाट उरली नाही वं. आणि इथे रंजना येऊन बसली आहे. तू निघ."

मी स्कूटी काढली आणि गेले. रंजनाताई केंद्रापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, ब्लाऊज शिवतात. त्यांचे यजमान सुधाकरभाऊ, मंडप-डेकोरेशनचं काम करणारे, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर त्या दिवशी सोडायला तयार होते, पण एका अटीवर: घरी हॅन्डलची खाट पाहिजे, पेशंटला सपाट निजवायचं नाही. नसेल तर राहा इथेच.

"राहाले काही नाही जी," रंजनाताई म्हणाल्या. "पण ते जेवतच नाही तिथं. दोन घास खाते अन् तोंड फिरवते. डॉक्टर म्हणते, पोटात गेल्याबिगर अंगात ताकद कुठून येईन? अन् हे म्हणते, घरी न्या, मंग खातो. मी संध्याकाळपर्यंत नेतो म्हणून कबूल करून आली. आता काय सांगू त्यायले?"

मी पान उघडलं. खरंच, सगळ्या खाटा "घेतली". एकही "परत केली" नाही. नोंदींप्रमाणे पाहिलं तर नागपुरात ज्याने ज्याने खाट नेली तो अजून तीवरच पडून होता. हे शक्य नव्हतं. मी पहिल्या नावाला फोन लावला.

"खाट? ते तं आमी कधीचीच पुढं देली मानेवाड्याले. बाबा बरे झाले आमचे."

"मग परत केली असं का नाही दाबलं?"

"पण परत कुठी केली? पुढं देली. खोटं कायले दाबू?"

दुसऱ्या नावाचं तेच. तिसऱ्याचं तेच. मी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरून निघालेली खाट रिकामी परत आणत नाहीत. रिकामी खाट भिंतीला उभी राहिली की आजार तिला शोधत येतो आणि तिच्या मागावरून, जिथून ती निघाली त्या घरी परत जातो. म्हणून घरचे लोकच पुढचा गरजू शोधतात, नवी चादर घालतात आणि खाट थेट त्याच्या दारी पोचवतात. माणूस बरा झाला असेल तर तो स्वतः सोबत जातो.

"काकू, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!" मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "आजार काय खाटेचा पत्ता विचारत फिरतो?"

"असू दे अंधश्रद्धा. पण आमची खाट एक दिवस रिकामी राहत नव्हती. सतरंजीइतक्या खोलीत आम्ही इतक्या खाटा ठेवल्या असत्या कुठे? तुझ्या त्या शिडीवाल्यांकडे आहे का असं काही?"

"मग आधी तुम्हाला कसं कळायचं कुठली खाट कुठे आहे ते?"

"लोक फोन करत. काकू, मानेवाड्याला दिली बरं का. आता तूच म्हटलं फोन नको, मोबाइलवर दाबा. मोबाइलवर दोनच बटणं. लोक सरळ आहेत, त्यांनी जे केलं नाही ते दाबलं नाही."

मी वाद सोडून दिला. माझ्या ओळखीचे लोक सांगतील, हे वारंवार घडत नाही. चूक शिडीवाल्यांची होती यावर मी आजही ठाम आहे, पण त्या क्षणी रंजनाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या आणि त्यांना शिडीवाल्यांचा पत्ता देऊन उपयोग नव्हता.

मग आम्ही वाटून घेतलं. काकूंनी एक फोन घेतला, मी एक, रंजनाताईंनी एक. प्रत्येक खाटेच्या मागे लागायचं: पहिल्याने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. खोली छापखान्याची असूनही कधी इतकी गजबजली नसेल. एका खाटेवर एक आजी होत्या, त्यांनी स्वतःच फोन घेतला आणि काकूंना आपलं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. एक खाट चक्क शहराबाहेर काटोलला पोचली होती. एका घरी फोन उचलणाऱ्या सूनबाई रंजनाताईंना म्हणाल्या, "आमच्या मामंजींना उठायला अजून वेळ आहे, पण तुम्हाला फारच लागत असेल तर..." रंजनाताई म्हणाल्या, "नाही नाही, त्यायले राहू द्या," आणि फोन ठेवून डोळे पुसले.

शेवटच्या खाटेचा माग मी काढत होते. चार घरं ओलांडून ती नंदनवनात नत्थूजी नावाच्या गृहस्थांकडे होती. फोन त्यांनीच उचलला.

"खाट? आहे ना बाप्पा! म्या उठलो, आता फिरून राहिलो. पण पुढं देऊ कोणाले? कालपासून पोरगं त्या तुमच्या पानावर पाहून राहिलं. तिथं तं कोणाले पाह्यजे ते लेहेलंच नाही!"

मला आधी हसू आलं, मग संताप आला. सकाळपासून रंजनाताई त्या पानावर खाट शोधत होत्या. कालपासून नत्थूजींचा मुलगा त्याच पानावर माणूस शोधत होता. दोघं एकाच पडद्याकडे पाहत होते आणि पडदा दोघांना नाही म्हणत होता. कारण ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं त्यांच्या गावात शिडी वापरून झाली की परत जागेवर नेऊन ठेवतात.

"काकाजी, ती खाट हलवू नका. गाडी येऊन राहिली."

"म्या कुठी हलवतो? पण मी येतो बरं सोबत. म्या उठलो तिच्यावरून, तं म्याच नेऊन टाकीन."

दिगांबरभाऊ ऑटो घेऊन नंदनवनात गेले. रंजनाताई दवाखान्यात गेल्या. आणि मी त्या डेस्कटॉपसमोर बसले.

इथे मला माझ्या धंद्याचा जो अभिमान आहे तो सांगते. ते आधीचं कुलूपबंद पॅकेज असतं तर मी काय केलं असतं? वर कळवलं असतं. इथे वर कोणी नव्हतं. मसाल्याचा कागद माझ्या हातात होता. मूळ फाईलची प्रत काढून ठेवली, कारण उत्साहात माणूस भिंतही पाडतो, आणि शोधत शोधत ती ओळ गाठली: वस्तू परत आली असेल तरच दुसऱ्याला देता येईल. एवढीशी ओळ. तिच्यापायी सगळ्या महालाची खाट अडली होती. मी तिच्या शेजारी तिसरी वाट काढली. बटणाचं नाव "पुढे दिली", आणि खाली "कोणाकडे". मग पानाच्या वर दोन जागा: "खाट रिकामी होत आहे" आणि "खाट पाहिजे".

पहिल्यांदा चालवलं तर पान पांढरंफटक.

"गेलं का वं सगळं?" काकू किंचाळल्या.

"नाही काकू. एक कंस बंद करायचा राहिला."

"मग कर ना बंद! बसली काय माझ्याकडे पाहत!"

कंस बंद केला आणि पान उगवलं. कच्चं काम होतं, पण चालत होतं. पुढे निवांत झाल्यावर मी हा बदल मूळ लेखकांना पाठवला. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, लोक वस्तू परत का आणत नाहीत? मी त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं. ते उत्तर थोडं पत्रकासारखं झालं असावं. त्यांनी बदल मात्र घेतला. आता तिकडच्या कुठल्या मोहल्ल्यात शिडी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर परस्पर जात असेल तर ती आमच्या महालाची देण समजावी. आणि रिकाम्या खाटेच्या अंधश्रद्धेवरचं माझं पत्रक लिहून तयार आहे. ते अजून छापलेलं नाही. काकू म्हणतात, छाप, पण खाटेवर चिकटवू नको.

ऊन उतरायच्या सुमारास काकू आणि मी रंजनाताईंच्या घरी पोचलो. ऑटो दारात होता. खाट दारातून आत जाईना. दिगांबरभाऊ म्हणत होते तिरपी करा, नत्थूजींचा मुलगा म्हणत होता सरळ घ्या, आणि नत्थूजी स्वतः काठी टेकत पायरीवर उभे राहून दोघांनाही "बह्याड", म्हणजे येडपट, म्हणत होते. शेवटी ती तिरपीच गेली. नत्थूजींनी पिशवीतून कोरी, घडी न मोडलेली चादर काढली आणि स्वतःच्या हाताने घातली. कोपरे दाबताना त्यांना धाप लागली, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

ॲम्ब्युलन्स आली. सुधाकरभाऊंना उचलून खाटेवर ठेवलं. माणूस सुकून गेला होता, डोळे तेवढे मोठे दिसत होते. नत्थूजी खाली वाकून हॅन्डल धरून बसले.

"भाऊ, हे उजवीकडं फिरवलं का डोकं वर येते. मधात करकर करते, घाबरू नको. मले तं करकर आईकल्याशिवाय झोप नोती येत."

डोक्याकडची बाजू हळूहळू वर आली. करकर झाली. सुधाकरभाऊ बसते झाले आणि त्यांनी घरभर नजर फिरवली: शिलाई मशीन, भिंतीवरचं घड्याळ, दारात जमलेले आम्ही सगळे. रंजनाताईंनी पातळ पिठलं-भात कालवून आणला. पहिला घास त्यांनी घेतला. दुसरा घेतला. आम्ही सगळे श्वास धरून एका माणसाच्या तोंडाकडे पाहत उभे होतो, जणू तिथे काहीतरी डाउनलोड होत होतं. वाटी अर्धी झाली, मग रिकामी झाली. त्यांनी ती पुढे केली.

"आहे का अजून?"

रंजनाताई वाटी घेऊन आत पळाल्या. आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि काही वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. काकूंनी कधी नव्हे ते हळू आवाजात मला म्हटलं, "तुझं ते बटण काढ आता."

मी मोबाइल नत्थूजींसमोर धरला. त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि "पुढे दिली" दाबलं. नाव आलं: सुधाकर, महाल. नत्थूजींनी ते वाचलं, खाटेच्या पायथ्याला एकदा हात लावला आणि काठी घेऊन उभे राहिले. "चला," म्हणाले, "आता बिमारीले माह्या घरचा रस्ता सापडत नाही."

मी तोंड उघडलं. काकूंनी माझा दंड धरला.

एवढ्यात रंजनाताई वाटी भरून बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातला मोबाइल पाहिला, "कोणाकडे" लिहिलेला चौकोन पाहिला आणि मोठ्या उत्साहाने विचारलं, "ताई, मंग आमच्यानंतर कोणाले द्याची ते आत्ताच लेहून ठेवू का जी? बाजूच्या गल्लीतल्या मावशीचं ऑपरेशन आहे म्हणते."

खाटेवरून सुधाकरभाऊंचा आवाज आला. दिवसभरात पहिल्यांदाच खणखणीत.

"अवं, मले आधी नीट लेटू तं दे!"